न्हावा शेवावरून सिन्नरला ३६ टनी पोकलेन न्यायचाय, तीन ट्रान्सपोर्टवाल्यांचे तीन भाव, कुणाचं खरं मानू?

मातीवाला_सिन्नर
नमस्कार मंडळी, इथं ट्रेलर लाईनमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आमचं मातीकामाचं आहे, दोन जेसीबी आणि एक २० टनी पोकलेन, सगळं इथंच नाशिक जिल्ह्यात घेतलेलं त्यामुळे पोर्टवरून मशीन आणायचा अनुभव शून्य. आता दगडाचं मोठं काम मिळालंय म्हणून जपानवरून जुना ३६ टनी पोकलेन मागवलाय, ४० फुटी फ्लॅट रॅकवर (बाजू-छप्पर नसलेला उघडा कंटेनर) न्हावा शेवाला येतोय, दगड फोडायचा ब्रेकर वेगळ्या कंटेनरमध्ये. सीएचए (कस्टमचं काम बघणारा एजंट) म्हणतो कस्टम क्लिअर झालं की सीएफएसमधून (पोर्टबाहेरचं कंटेनर यार्ड) तुम्ही तुमच्या गाडीने उचला, पुढचं आमच्याकडे नाही.

कॅटलॉगप्रमाणे बूम दुमडून लांबी ११ मीटरच्या थोडी वर, रुंदी ३.१९ मीटर, उंची ३.३ च्या आसपास, वजन बकेटसकट ३६ टन धरा. साइट सिन्नरच्या पुढे, हायवे सोडून तीनेक किलोमीटर आत, मधे ओढ्यावर एक जुना फरशी पूल आहे आणि गावात लाईटच्या तारा लोंबकळतायत.

तिघांना विचारलं. पहिला म्हणतो मशीन पण टाकतो ब्रेकर पण टाकतो एकाच गाडीत, परमिट बिरमिट काय लागत नाय, सगळीकडे आपलं सेटिंग आहे, रात्रीत पोच. दुसऱ्याचा भाव त्याच्या जवळजवळ दुप्पट आणि वर म्हणतो परवानगीला वेळ लागेल, आधी मापं मेल करा. तिसरा म्हणतो काउंटरवेट (मशीनच्या मागचं तोलाचं वजन) काढून द्या, मग मधल्या भावात नेतो. तिघंही असे छातीठोकपणे बोलतात की आपल्यालाच वाटतं आपण येडे. पाऊस सुरू व्हायच्या आत मशीन साइटवर पाहिजे. कुणी नेलंय का अशा रूटला? काय बघायचं नक्की?

लोबेड_कळंबोली
दादा पहिलं म्हणजे कॅटलॉगची मापं बाजूला ठेवा, मशीन गाडीवर चढल्यावर काय माप होतं ते काढा, भावातला सगळा फरक तिथंच आहे.

उंची बघा. साधा ४० फुटी ट्रेलर घेतला तर त्याचा माल ठेवायचा पाटा जमिनीपासून दीड मीटरवर असतो. त्यावर ३.३ चा पोकलेन म्हणजे ४.८ झाले. सेमी लोबेडला पाटा सव्वा मीटरच्या आत, म्हणजे साडेचारच्या जवळपास. खरा लोबेड असेल तर पाटा मीटरभर किंवा त्याहून थोडा खाली, तिथं ४.२५-४.३० ला बसतं. आता रेल्वे फाटकाला जो लोखंडी आडवा बार असतो ना, तारा आहेत म्हणून लावलेला, तो ४.६७ मीटरवर असतो. साध्या ट्रेलरवाला तिथंच अडकला. गावातल्या कमानी, पादचारी पूल, रेल्वेखालचे जुने बोगदे तर त्याहून बुटके असतात. मालवाहू गाडीची उंची कायद्यानं साधारण ४ मीटर, कंटेनरच्या ट्रेलरला ४.५२ पर्यंत सूट आहे. म्हणजे लोबेडवर टाकला तरी ४ च्या वर.

रुंदी २.६ मीटरची मुभा, तुमचा ३.१९, म्हणजे दोन्ही बाजूनी फूटभर ट्रॅक बाहेर. इथं काही करता येत नाही, ट्रॅकचे शू काढत बसणार का.

वजन. मशीन ३६, लोबेड १४ ते १६ टनाचा, ओढणारा हॉर्स ९-१० टन. बेरीज ६० च्या आसपास. २०१८ ला एक्सलचं वजन वाढवून दिलं तरी हॉर्स-ट्रेलरला जास्तीत जास्त ५५ टन, ते पण एक्सल तेवढे असले तर. म्हणजे रुंदी आणि वजन दोन्हीत तुम्ही नक्की बाहेर, आणि पहिला गडी म्हणतो परमिट लागत नाय.

दंड ऐकून ठेवा. सप्टेंबर २०१९ पासून जादा वजनाला २० हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार. माल बॉडीच्या बाहेर आला, बाजूला पुढं मागं किंवा वर, त्याला वेगळे २० हजार. आणि माल उतरवायचा खर्च तुमच्या डोक्यावर. ३६ टनाचं मशीन पडघ्याला रस्त्याच्या कडेला उतरवायला क्रेन कुठून आणणार रात्री दोनला? परवानगीचा कागद गाडीत असला तर बाहेर आलेल्या मापाचं हे कलम लागत नाही, कायद्यातच तसं लिहिलंय.

दुसऱ्याचा भाव दुप्पट आहे कारण त्यात लोबेड आहे, परवानगी आहे, पुढं पायलट गाडी असेल, आणि परवानगी येईपर्यंत गाडी उभी राहते त्याचा हॉल्ट आहे. तरी त्याला पण विचारा, कुठला लोबेड, किती एक्सल, पाट्याची उंची किती, आरसी बुकचा फोटो पाठव. जो फोटो पाठवायला का कू करतो तो दुसऱ्याची गाडी मार्केटमधून उचलून देणार हे नक्की.

रात्रीचा_राजा
एवढं काय घाबरवता त्याला. आम्ही वर्षानुवर्षं पोकलेन नेतोय, २० टनी ३० टनी सगळे, रात्री अकराला निघायचं पहाटे घाटावर. पोलीसवाला अडवला तर चहापाण्यात काम होतं. परवानगी काढत बसलात तर पोर्टवर डिटेंशन (कंटेनर अडकवून ठेवल्याचं भाडं) चढेल तेच दंडापेक्षा जास्त होईल. प्रॅक्टिकल बोला.

कागदवाले_काका
रात्रीचा राजा, तुमचं चालत असेल, पण चहापाणी पोलिसापुरतं. सिन्नरकर, मी सांगतो ते नीट वाचा कारण हे कुणी ट्रान्सपोर्टवाला सांगत नाही.

ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) काढताना गाडीचा प्रकार विचारतात, रेग्युलर की ओव्हर डायमेन्शनल कार्गो (ओडीसी, म्हणजे मापाबाहेरचा माल). साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस, ओडीसीला दर २० किलोमीटरला एक दिवस. तुमचं अंतर सव्वादोनशे धरलं तर रेग्युलरवर फक्त दोन दिवस मिळतात आणि ओडीसीवर बारा. आता गंमत बघा, सेटिंगवाले कायम रेग्युलर टिक करतात कारण ओडीसी लिहिलं की परवानगी विचारली जाते. मग घाटात हॉर्सचा क्लच गेला, गाडी दोन दिवस उभी, बिल संपलं, आणि जीएसटीच्या माणसानं गाडी थांबवली की कराच्या २०० टक्के दंड मागतात गाडी सोडायला. पोकलेनवर १८ टक्के कर, मशीनच्या किमतीवर हिशोब करा तुम्हीच. पोलिसाचे २० हजार त्यापुढं चिल्लर.

बिल संपत आलं तर मुदत वाढवता येते पण संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यावर आठ तासापर्यंतच. ड्रायव्हरच्या मोबाईलला घाटात रेंज नसते, म्हणून हे काम तुमच्या ऑफिसमधल्या माणसाकडे द्या, ट्रान्सपोर्टवाल्यावर सोडू नका. गाडी बदलली तर बिलाच्या पार्ट बी मध्ये नवीन गाडीचा नंबर टाकायचा, लोक हे विसरतात.

पोर्टपासून सीएफएसपर्यंत ई-वे बिल लागत नाही. सीएफएसमधून साइटला लागतं, त्यात कागद म्हणून कस्टमचं बिल ऑफ एंट्री. साइटचा पिनकोड टाका, तुमच्या नाशिकच्या ऑफिसचा नको, नाहीतर गाडी सिन्नरच्या पुढं का गेली म्हणून विचारतील.

आणि डिटेंशनचं म्हणाल तर ते खरंय, फ्लॅट रॅक साध्या कंटेनरसारखा नसतो, फुकटचे दिवस कमी आणि नंतरचा रेट जड. पण त्याला उपाय आहे. परवानगीचा अर्ज मशीन बोटीत असतानाच टाकायचा, मापं तुमच्याकडे आहेतच. जुनी मशीन आहे म्हणजे कस्टमला चार्टर्ड इंजिनियरचं सर्टिफिकेट लागणार, ते पण सीएचएला आत्ताच विचारून घ्या. आणि सीएफएसमध्ये मशीन फ्लॅट रॅकवरून खाली उतरवून घेता येतं, रिकामा रॅक शिपिंग लाईनला परत गेला की त्याचं मीटर बंद, मग फक्त सीएफएसचं जागाभाडं. दोन्हीचे रेट मागवून बघा, बहुतेक वेळा उतरवून ठेवणंच परवडतं.

मातीवाला_सिन्नर
काका हे ई-वे बिलाचं तर कुणीच बोललं नव्हतं, धन्यवाद. आमचा सीए पण म्हणाला बघून सांगतो 😅

दोन गोष्टी अजून. परवानगी कुणाकडून? आणि तिसरा जो काउंटरवेट काढा म्हणतोय त्यात दम आहे का? मशीन चालवणारा आमचा ऑपरेटर म्हणतो काढू नका, पण त्याला सगळ्यालाच नको म्हणायची सवय आहे.

लोबेड_कळंबोली
परवानगी नॅशनल हायवेसाठी दिल्लीच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथं ट्रान्सपोर्टर अर्ज टाकतो, गाडीचा नंबर, एक्सल, मापं, रूट सगळं. हायवे सोडून राज्याच्या रस्त्यावर आलात की पीडब्ल्यूडी आणि आरटीओ. आणि ठाणे-नवी मुंबई भागात ट्रॅफिक पोलिसांची अवजड गाड्यांची वेळ असते ती वेगळीच, ती परवानगी असली तरी पाळावीच लागते. परमिटच्या कागदावर अटी छापलेल्या असतात, वेळ, स्पीड, पायलट, लाल झेंडे, रात्री लाल दिवे. तो कागद ट्रान्सपोर्टवाल्याकडून मागून स्वतः वाचा. बऱ्याचदा कागदावर एक रूट आणि ड्रायव्हर दुसऱ्याच रूटनं जातो कारण तिकडं टोल कमी. मग तो कागद असून नसल्यासारखा.

अजून एक, परवानगी मिळते ती न तुटणाऱ्या एका मालाला. म्हणजे पोकलेन एक नग. त्याच्याबरोबर ब्रेकर टाकला, दोन बकेट टाकल्या की आरटीओवाला म्हणणार हा माल वेगळा करता येत होता मग जादा वजन का. ब्रेकर साध्या ट्रकमध्ये वेगळा आणा, बकेट पण त्यातच. पहिल्याची एकाच गाडीतली ऑफर इथंच संपली.

पोकलेन_ऑपरेटर_जत
काउंटरवेटवर मी बोलतो. ३६ टनीला काउंटरवेट सहा-सात टनाच्या घरात असतं. ते आणि बकेट काढली तर मशीन २८-२९ वर येतं, आणि गाडीसकट ५५ च्या आत बसू शकतं. म्हणजे तिसऱ्याचं गणित चुकीचं नाही. पण रुंदी उंची तशीच राहते ना, मग परवानगी लागणारच, फक्त वजनाचा भाग सुटतो.

आणि ते काढायचं कसं. खालून चार मोठे बोल्ट असतात, जुन्या जपानी मशीनचे बोल्ट समुद्राच्या हवेत येऊन गच्च झालेले असतात, साध्या पान्यानं हलत नाहीत, हायड्रोलिक टॉर्क रेंच पाहिजे किंवा मोठी इम्पॅक्ट. मग सीएफएसमध्ये क्रेन, साइटला क्रेन. गावात मिळणारी हायड्रा क्रेन १४-१५ टनाची म्हणतात पण तेवढं वजन ती बूम पूर्ण आत असताना नाकाजवळ उचलते, बूम लांब केली की सहा टनाला पण मागची चाकं हलकी होतात. बसवताना बोल्टची भोकं जुळवायला अर्धा दिवस जातो, आणि टॉर्क बरोबर नाही दिला तर खडकावर ब्रेकर मारताना त्या बोल्टवर जे धक्के बसतात ते विचारू नका.

आणि महत्त्वाचं, काउंटरवेट नसताना मशीनचा तोल पुढं जातो. तसल्या मशीनला बूम लांब करून रॅम्पवर चढवायला गेलं की नाक खुपसलंच समजा. तुमचा ऑपरेटर बरोबर बोलतोय, माझं मत काढू नका, चार एक्सलचा लोबेड असेल किंवा हायड्रोलिक एक्सल मिळत असेल तर तो घ्या. चार पैसे जास्त गेले तर जाऊ द्या.

चढवायचं पण सांगून ठेवतो कारण सगळ्यात जास्त मशीनं तिथंच पडतात. पहिली गोष्ट बॅटरी. बोटीतून आलेल्या मशीनची बॅटरी बहुतेक मेलेली असते आणि टाकीत डिझेल नावाला. दोन चार्ज केलेल्या बॅटऱ्या आणि केबल घेऊन जा, आणि डिझेलचा कॅन आत न्यायची परवानगी सीएचएला आधीच काढायला सांगा, नाहीतर गेटवर सिक्युरिटीवाला कॅन ठेवून घेतो आणि तुम्ही मशीनसमोर हात चोळत बसता.

लोबेडवर चढवताना रॅम्पच्या आधीच ट्रॅक आणि पाटा एका रेषेत. रॅम्पवर चढल्यावर वळवायचं नाही म्हणजे नाही, वाकडं जातंय वाटलं तर सरळ मागं खाली उतरायचं आणि परत. रॅम्पवर स्विंग (वरचा भाग फिरवणं) पण नाही. लोखंडी ट्रॅक आणि लोखंडी पाटा, त्यात पाऊस पडला किंवा ट्रॅकला माती असली तर साबणावर उभं राहिल्यासारखं होतं, म्हणून पाट्यावर लाकडी फळ्या किंवा जुन्या रबरी पट्ट्याचे तुकडे टाकायचे. कॅबच्या बाजूनं एक आणि पलीकडून एक माणूस उभा, इशारा देणारा एकच.

वर बसल्यावर स्विंगची लॉक पिन टाकायची, बूम-आर्म दुमडून लाकडी ठोकळ्यावर टेकवायचा, इंजिन बंद करून लिव्हर हलवून प्रेशर सोडायचं. चेन खालच्या फ्रेमला, चारी कोपऱ्यात आडव्यातिडव्या, सिलेंडरच्या चकचकीत रॉडवरून चेन कधी टाकायची नाही, एक ओरखडा गेला की सील गेलं. बूमला वेगळी चेन. लोक चेन बांधतात आणि विसरतात, पण पंधरा-वीस किलोमीटर गेल्यावर चेन ताणणाऱ्या सगळ्या बाइंडर परत बघायच्या, मशीन बसकन मारतं आणि चेन सैल होतात. आणि सायलेन्सरच्या नळीचं तोंड बांधायचं, वाऱ्यानं टर्बो उलटसुलट फिरतो तेल नसताना. आरसे, अँटेना, वरचा दिवा काढून कॅबमध्ये.

घाटवाट
रूटचं कुणी बोललं नाही म्हणून टाकतो. न्हावा शेवा, कळंबोली, शीळफाटा, मुंब्रा बायपास, खारेगाव, मग भिवंडी बायपास, पडघा, शहापूर, कसारा घाट, घोटी. घोटीवरून सिन्नरला सरळ रस्ता आहे, नाशिक शहरात जायची गरज नाही. सगळ्यात त्रासाचा तुकडा घाट नाही, शीळफाटा ते खारेगाव आहे. मुंब्रा बायपासला चढ आणि वळणं, त्यात ३.२ मीटरची गाडी म्हणजे मागचे सगळे आईबाप काढतात. तिथं दिवसा जायचा विचार पण करू नका, आणि पोलिसांची वेळ दर थोड्या दिवसांनी बदलते, कधी पुलाचं काम कधी सणाची बंदी, त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी बघायची.

घाटात चढाला फक्त हॉर्सची ताकद. ६० टनाला जुना दमलेला हॉर्स दिला की मधेच उभा राहतो, मग मागं चाकाला ठोकळे लावत क्लीनर पळतो आणि कसाऱ्याची अख्खी लाईन ठप्प. ट्रान्सपोर्टवाल्याला हॉर्सचं मॉडेल आणि कुठल्या साली पासिंग झालं ते विचारा, पेंड खाणारा बैल पाहिजे.

समृद्धीवरून जाऊ का हे विचारणारच तुम्ही. आमण्यापासून नागपूर ७०१ किलोमीटर पूर्ण झालाय, ५ जून २०२५ ला इगतपुरी-आमणे हा शेवटचा तुकडा उघडला, आणि भरवीरला उतरलं की सिन्नर जवळच. कागदावर लई सोपं दिसतं, कसारा घाट पूर्ण टळतो. पण इगतपुरीजवळ जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा आहे आणि तो रस्ताच वेगाच्या गाड्यांचा आहे, तिथं ३०-४० नं रांगणारी रुंद गाडी सोडतील असं धरून चालू नका. समृद्धी चालवणाऱ्या एमएसआरडीसीकडून लेखी मिळालं तरच, ड्रायव्हरच्या "जातो की आपण" वर नाही.

रात्रीचा_राजा
ठीक आहे, लोबेड घ्या आणि कागद काढा, मी काय कागद काढू नका म्हणलो नाही. पण सगळं करून पण एक सांगतो, ह्या लोकांनी शेवटचे तीन किलोमीटर सोडून सगळं सांगितलं. आमचे सगळे राडे तिथंच झालेत. हायवेला कोण अडवत नाही एवढं गावात अडवतात.

कागदवाले_काका
शेवटी राजा मुद्द्यावर आले :)

विमा राहिला, तो टाकून थांबतो. समुद्राचा विमा काढला असेल तर पॉलिसी उघडून बघा, तो साइटपर्यंत आहे की पोर्टपर्यंतच. साइटपर्यंत असला तरी बोटीतून उतरल्यापासून ६० दिवसांची मर्यादा साधारण असतेच, आणि जुन्या मशीनला बऱ्याचदा कमीतला कमी कव्हर दिलेला असतो. ट्रान्सपोर्टवाला म्हणेल आमची जबाबदारी, पण २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याखालच्या नियमांत त्याची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंत धरलीय, तुम्ही माल पाठवताना बिल्टीवर (ट्रान्सपोर्टवाल्याची मालाची पावती) जास्त किंमत जाहीर केली नसेल तर. ३६ टनी मशीनची किंमत आणि भाड्याच्या दहापट, दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. म्हणून बिल्टीवर किंमत लिहून घ्या आणि अंतर्गत वाहतुकीचा वेगळा विमा काढा, त्यात चढवणं-उतरवणं धरलंय का ते विचारा. काही झालं तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते, फोनवर भांडून काही होत नाही. आणि परवानगी नसलेल्या गाडीत अपघात झाला की विमावाल्याला हात वर करायला आयतं कारण मिळतं.

सीएफएसमध्ये मशीन उचलायच्या आधी चारी बाजूनी फोटो, काचा, सिलेंडरचे रॉड, तासांचं मीटर. साइटवर उतरवल्यावर परत तेच.

रस्त्याकडेला
राजा साहेबांनी आठवण केलीच आहे तर शेवटचे तीन किलोमीटर मी सांगतो, आमचं क्रशर गावाच्या आत आहे आणि आम्ही हे दोनदा भोगलंय.

फरशी पुलावरून ६० टन नेऊ नका. खाली पाईप टाकलेला जुना पूल असला तर कुणी इंजिनियर त्याला सही देणार नाही, आणि तुटला तर गावाचा रस्ता बंद, पाऊस तोंडावर, लोक तुमच्या मशीनला हात लावू देणार नाहीत. लोबेड हायवेला थांबवायचा, तिथं जवळ सपाट कडक जागा बघून ठेवायची, पेट्रोल पंपाच्या बाजूची किंवा बाजार समितीची, ज्याची असेल त्याला विचारून. तिथं मशीन उतरवा आणि पुढं चालवत न्या. पोकलेन ओढ्यातून बाजूनं उतरतो, पाणी नसताना तर काही प्रश्नच नाही, पुलावर जायचीच गरज नाही.

पण डांबरावरून लोखंडी ट्रॅक नुसता चालवलात तर रस्ता सोलून निघतो आणि मग सरपंचापासून सगळे येतात, बरोबरच आहे त्यांचं, रस्ता त्यांना पंधरा वर्षांनी मिळालेला असतो. आम्ही जुने ट्रकचे टायर वापरले, ट्रॅकच्या पुढं टाकायचे, मशीन त्यावरून गेलं की मागचे उचलून परत पुढं. चार पोरं आणि एक छोटा टेम्पो लागतो, वेळ लागतो, मशीनला मधे मधे थांबवून गार होऊ द्यायचं कारण ही मशीनं चालायला बनवलेली नाहीत, लांब चालवलं की ट्रॅव्हल मोटर आणि खालचे रोलर तापतात. वळणावर टायर सरकतात तिथं दुप्पट टाका आणि झटक्यात वळवू नका, थोडं थोडं करत.

तारांचं महावितरणच्या सेक्शन ऑफिसला आधी अर्ज द्या, वेळ ठरवून घ्या, लाईनमन येऊन सप्लाय बंद करतो. कुणी बांबूनं तार उचलतो म्हणलं तर त्याला घरी पाठवा. तुम्ही हायवेलाच उतरवलं तर उंची ३.३ वर येते, लोबेडची मीटरभर वाचते, मग बऱ्याच तारा तशाही सुटतात, पण बूम दुमडलेलाच ठेवा आणि ऑपरेटरला सांगा की समोर कोण आडवं आलं म्हणून बूम वर करायचा नाही.

ग्रामपंचायतीला आधी जाऊन सांगा, मशीन आल्यावर नाही. आमच्याकडं पहिल्या वेळेला ट्रान्सपोर्टवाल्यानं हे काम स्वतःच्या भाड्यात धरलंय म्हणून सांगितलं आणि मशीन हायवेला उतरवून लोबेड रातोरात गायब, फोन बंद. म्हणून कुठं उतरवणार, पुढचं कोण करणार, हॉल्ट कधीपासून सुरू होणार हे कोटेशनवरच लिहून घ्या. आता तुमच्या दुप्पटवाल्याला पण हेच विचारा, त्याचा भाव साइटपर्यंत आहे की हायवेपर्यंत, तो हायवेपर्यंतच असला तर घासाघीस करायला जागा आहे.

मातीवाला_सिन्नर
सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. आज तिघांनाही एकच मेसेज टाकला, लोबेडचा आरसी, पाट्याची उंची, किती एक्सल, हॉर्सचं मॉडेल, परवानगी कुणाच्या नावानं काढणार, ई-वे बिलाला ओडीसी टिक करणार का, आणि कुठं उतरवणार. पहिल्यानं अंगठा पाठवला आणि नंतर काही नाही. तिसरा म्हणतो विचारून सांगतो. दुसऱ्यानं अर्ध्या तासात सगळे फोटो टाकले, चार एक्सलचा लोबेड आहे, पाटा ९५० मिलीमीटर म्हणतोय, भाव हायवेपर्यंतचा होता, रस्त्याकडेला भाऊ तुम्ही बरोबर. थोडा कमी करायला तयार झाला.

एकच शंका राहिली, टायर किती लागतील साधारण? आमच्याकडं जेसीबीचे जुने पडलेत ते चालतील का ट्रकचेच पाहिजेत?

रस्त्याकडेला
जेसीबीचे मागचे टायर जाड आणि उंच असतात, त्यावर ट्रॅक चढला की मशीन डुलतं, ट्रकचेच घ्या, नायलॉनचे, रेडियलमधल्या तारा फाटून बाहेर येतात आणि ट्रॅकमध्ये अडकतात. दोन्ही ट्रॅकखाली सलग आठ-दहा मावतील एवढे आणि वर तेवढेच पुढं टाकायला हातात. टायर रिमोल्ड करणाऱ्याकडं सिन्नर एमआयडीसीच्या बाजूला विचारा, भंगारच्या भावात देतात, काम झालं की परत घेतो का ते पण विचारून ठेवा. पोरांना हँडग्लोव्ह द्या, आणि चालत्या मशीनच्या पुढं वाकून टायर सरकवू देऊ नका, मशीन थांबलं आणि ऑपरेटरनं हात वर केला की मगच.